हात कापणारं धान

चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात आमच्या धानाच्या खालच्या बांध्यांत निंदायला उतरलेल्या पाच बाया दुपार व्हायच्या आतच बाहेर आल्या आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय सोडून बसल्या. त्यांच्यात बिसाहीन वयानं मोठी. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि मायला आपल्या पोटऱ्या दाखवल्या. पोटऱ्यांवर बारीक लाल रेघा उमटल्या होत्या, मांजरानं ओरबाडल्यासारख्या. मनगटांच्या आतल्या बाजूलाही तसंच. तिनं धानाचं एक पान तोडून मायच्या तळहातावर ठेवलं आणि छत्तीसगढीत म्हणाली, "ए पान नोहे, हँसिया ए." पान नव्हे, विळाच आहे हा.

मायनं पान कडेनं बोटांत धरून ओढून पाहिलं. बोटाला चिरा पडला तो दिसायला थोडा वेळ लागला, मग रक्ताचा एक बारीक थेंब आला.  बायांनी पाय धुतले, आपापल्या बासीचे, पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताचे, डबे उचलले आणि शेजारच्या सुखरामच्या शेतात कामाला गेल्या. त्याचं धान हिरवंगार आणि मऊ होतं. बाया त्यात उतरल्या तसं त्यांचं गाणंही सुरू झालं. आमच्या बांधीत निंदण तसंच उभं राहिलं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, दुर्गच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. त्या दिवशी सुटी होती म्हणून मी मायसोबत शेतावर आले होते. आज त्या जागेवर पक्की घरं आहेत, रस्ता आहे, आणि धुरा कुठून कुठे जात होता हे मलाही नेमकं सांगता येणार नाही. पण तो चिरा पडलेला मायचा अंगठा मला डोळे मिटले तरी दिसतो.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले, लाखांदूरकडचे. बाबा, केवलराम, इथल्या पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला लागले तेव्हा मी दोन वर्षांची होते. खुर्सीपारला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागं लहानसं अंगण आणि सकाळ-संध्याकाळ येणारा नळ. मायला त्या क्वार्टरात काही सुचत नसे. जन्मापासून ती चिखलात परे, धानाची रोपं, रोवणारी बाई. तिला सिमेंटच्या अंगणात काय करायचं तेच कळत नव्हतं. अंगणाच्या फरश्या उचकटून तिनं त्यात अंबाडी लावली होती. पुढं बाबांच्या सोबत काम करणारा एक माणूस कायमचा गावी परत गेला आणि त्याची उतईजवळची दीड एकर जमीन आमच्याकडे आली. त्या दिवसापासून माय पुन्हा माणसात आली असं बाबा म्हणायचे. पावसाळाभर ती पहाटेची बस धरून शेतावर जायची आणि दिवेलागणीला परत यायची. सुटीच्या दिवशी बाबा सायकलीनं जायचे.

जमीन चार बांध्यांची होती. दोन वरच्या, दोन खालच्या, आणि मधून गाडीवाट. ही वाट पावसाळ्यात अशी खचायची की बैलगाडी आसापर्यंत रुतायची. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात उतईच्या रस्त्यावर स्लॅग टाकण्याचं काम चाललं होतं. भट्टीत लोखंड वितळलं की त्याच्यावर मळ तरंगतो, तो स्लॅग. पाण्यात पाडला की त्याचे वाळूसारखे दाणे होतात. काम संपल्यावर रस्त्याच्या कडेला उरलेला ढीग बाबांनी ठेकेदाराला विचारून तीन गाड्या आणला आणि आमच्या वाटेवर पसरला. वाट टणक झाली. पण दोन पावसाळ्यांत त्यातली बारीक भुकटी वाहून खालच्या बांध्यांत उतरली. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी पान असं निघालं.

बाया उठून गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी गावात गुडीवर, पंचांच्या ओट्यावर, बैठक बसली. तक्रार सुखरामची होती. आमचं जास्तीचं पाणी त्याच्या शेतातून नाल्याला जायचं. तो म्हणाला, या कंपनीवाल्याच्या शेतात विष आहे, पान बघा, आणि तेच पाणी माझ्या धानात येतं. त्यानं आधीच चिखल थापून पाण्याची वाट बंद केली होती. बाबा पहिली पाळी करून सरळ तिथं गेले. अंगावर कामाचे कपडे, पायात कंपनीचे जड बूट. गुडीच्या ओट्याखाली त्यांना बूट-मोजे काढून खाली बसायला सांगितलं. बाकीचे ओट्यावर होते. बाबांच्या दोन्ही पायांवर भट्टीच्या ठिणग्यांचे काळे-पांढरे डाग होते. ते बाबा कधी कोणाला दिसू देत नसत, घरातही मोजे घालून बसायचे. त्या दिवशी अख्ख्या गावानं ते पाहिले. एकानं म्हटलं, कंपनीची घाण आणून आमच्या धरतीत टाकली. बाबांना छत्तीसगढी समजायची, पण बोलताना जीभ अडखळायची. ते ऐकून घेत राहिले.

ठरलं ते असं. पोळ्याच्या आत वाटेवरचा स्लॅग उचलायचा आणि खालच्या दोन्ही बांध्यांतली वरची माती खरवडून काढायची. तोवर गावातलं कोणी आमच्या शेतात कामाला जाणार नाही.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. खाटेवर बसून मोजे चढवले आणि म्हणाले की रविवारपासून खरवडायला लागायचं, प्लांटातले दोन-तीन गडी येतील. माय चुलीपाशी होती. तिनं तवा उतरवला.

"धान उभं हाय," ती म्हणाली. "उभ्या धानाखालून माती खरवडतात का?"

"मले तिथं बूट काढून खाली बसवलं."

"आयकलं मी."

"अठरा वरसं झाली इथं. कोणी मले असं बोललं नव्हतं. धान जाते तर जाऊ दे."

"बोलले ते मानसं बोलले," माय म्हणाली. "धानानं तुमाले काय केलं?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता आवाज चढेल. पण ते उठून मागच्या अंगणात गेले आणि सायकलीची चेन काढून तेल घालत बसले. चेन आधीच तेलकट होती. शेवटी त्यांनी मधला रस्ता काढला. दोन सुट्यांमध्ये एकट्यानं वाटेवरचा सगळा स्लॅग फावड्यानं ओढून काढला आणि वरच्या कोपऱ्यात धुऱ्यावर ढीग घातला. माती मात्र कापणी झाल्यावर काढतो असं ते गुडीवर जाऊन सांगून आले. पंचांना ते फारसं पटलं नाही, पण पोळा तोंडावर होता, कोणाला भांडण वाढवायचं नव्हतं. कामाला बाया मात्र येणार नाहीत हे कायम राहिलं. पाण्याची वाटही बंदच राहिली.

मग निंदण मी आणि माय दोघींनीच काढलं. सकाळचं कॉलेज बुडवून मी जायचे. मायनं जुन्या पातळाच्या पट्ट्या फाडून मनगटांपासून बोटांच्या पेरांपर्यंत गुंडाळून दिल्या होत्या. तासाभरात त्या भिजून खाली घसरायच्या. कंबरेत वाकून पुढं सरकलं की पानं गालाला, मानेला, कोपरांच्या आत लागायची. लागताना काही कळायचं नाही. घाम आला की सगळे चिरे एकदम पेटायचे. निचरा नसल्यामुळं पाणी गुडघ्याच्या खाली साचलेलं, त्यात जळवा. माय जळू दिसली की मीठ न लावता दोन बोटांनी सरळ ओढून काढायची आणि धुऱ्यावर फेकायची. दुपारी आम्ही पळसाखाली बसायचो. तिथून सुखरामचं शेत दिसायचं. बिसाहीन आणि बाकीच्या बाया तिथं जेवत असायच्या. अंतर हाकेवरचं होतं. बिसाहीन आमच्याकडे पाहायची आणि नजर खाली घालायची. एकदा तिनं लांबूनच विचारलं, हाताला हळद लावता की नाही. मायनं लावतो म्हणून मान हलवली. तेवढंच.

सुखरामबद्दल मला तेव्हा फार राग होता. आज वाटतं, त्याच्यात वाईट काही नव्हतं. तो कष्टाळू माणूस होता. एकट्याच्या जिवावर पाच माणसं पोसायचा. त्या वर्षी त्यानं पहिल्यांदाच दोनदा युरिया दिला होता, आणि त्याचं धान असं काळंभोर हिरवं झालं होतं की रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. तो रोज संध्याकाळी धुऱ्यावरून एक चक्कर मारायचा. बांधीकडे पाहताना त्याचा चेहरा निवलेला असायचा. आमच्याकडे तो कधी पाहायचा नाही.

कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायला वच्छलाबाई होत्या. नागपूरकडच्या. त्यांचे यजमान प्लांटात अधिकारी, घर सेक्टर दहाला. बाईंचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं. त्यांच्यासमोर तोंडून "मले" निघालं तर काय होईल या भीतीनं मी तीन वर्षांत त्यांच्याशी मराठीत बोललेच नव्हते, हिंदीतच उत्तरं द्यायचे. त्या आठवड्यात प्रात्यक्षिकाला देठाचे पातळ छेद घ्यायचे होते. माझी बोटं अशी सुजली होती की पातं धरवेना. छेद जाड आले, वाकडे आले. बाई फिरत फिरत माझ्यापाशी थांबल्या आणि माझा हात उलटा करून पाहिला. कशानं झालं म्हणून मराठीत विचारलं. मी घाबरून मराठीतच उत्तर दिलं.

"धानाच्या पानानं कापलं, बाई. मले निंदाले जा लागते."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कुठलं धान आणि किती कापतं. मी स्लॅगचं आणि शेजारच्या युरियाचं सांगितलं, गुडीचं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, उद्या दोन पानं आण, एक तुमचं आणि एक शेजाऱ्याचं, दोन्ही एकाच उंचीवरची.

सुखरामचं पान मी चोरून तोडलं. धुऱ्यावरून वाकले आणि एक पान ओढून वहीत घातलं. जन्मात तेवढी एकच चोरी केली असेन.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी दोन्ही पानं सूक्ष्मदर्शकाखाली लावली. आधी मला पाहू दिलं. आमच्या पानाच्या कडेवर दात होते, एकाच बाजूला वळलेले, करवतीसारखे. दात सुखरामच्या पानालाही होते, पण आखूड आणि विरळ. मग बाईंनी पानाची कातडी सोलून दाखवली. नसांच्या वर ओळीनं बसलेले लहान लहान डमरू होते, काचेसारखे चमकणारे. आमच्या पानात ते खेटून बसले होते. त्याच्या पानात मधे मधे जागा रिकामी होती.

त्यानंतर त्यांनी दोन मुशी घेतल्या, प्रत्येकीत एक-एक तुकडा ठेवला आणि खालून आच दिली. धूर झाला, वास सुटला, पान काळं पडलं, मग हळूहळू पांढरं होत गेलं. मुशी निवल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं. सुखरामच्या पानाची चिमूटभर राख तळाशी पडली होती. आमचं पान मात्र जळूनही पानच राहिलं होतं. पांढरं, पातळ, त्याच आकाराचं, त्याच्या उभ्या रेघाही दिसत होत्या. मी श्वास सोडला तशी त्याची एक कड मोडली.

बाईंनी स्टूल ओढून बसायला सांगितलं. म्हणाल्या की प्रत्येक पेशीला भिंत असते हे तू पहिल्या वर्षी शिकलीस, पण ती भिंत सगळीकडे सारखी नसते. भाताची मुळं पाण्यात विरघळलेली वाळू ओढून घेतात. ती वाळू पानापर्यंत चढते, पाणी उडून जातं आणि वाळू कातडीच्या भिंतीत बसून राहते, आपण घराला गिलावा करतो तशी. अशा पानाची कड हात कापते. पण बुरशीचं बीज पानावर पडून दवात रुजतं तेव्हा त्याला हीच भिंत फोडून आत शिरावं लागतं. भिंत जाड असली तर त्याला ते जड जातं. ऊन-वाऱ्यातही असं पान लवकर माना टाकत नाही. शेजाऱ्याच्या धानाला खत जास्त झालंय, त्याचं पान वाढलं भराभर, भिंती मात्र पातळ राहिल्या असतील.

मी विचारलं, मग आमचं धान चांगलं का? बाईंनी दोन्ही मुशी बाजूला सरकवल्या.

"दोन पानांवरून मी काही सांगणार नाही, तारा. शेत बघत राहा. वरच्या बांध्या आणि खालच्या बांध्या, दोन्हीकडं. दर आठवड्याला लिहून आण."

घरी मी हे सगळं मायला माझ्या परीनं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप हलवायचं थांबून तिनं ऐकलं. म्हणाली की तिच्या माहेरी परे टाकायच्या जागी तुसाची राख पसरायचे. तिची आजी राख न टाकता परे टाकूच देत नसे. "त्या पऱ्यानं हात कापे," ती म्हणाली. "आमी रडत राहो उपटताना. आजी मने, कापते तेच टिकते." माय हे बोलत होती तेव्हा बाबा दुसऱ्या पाळीला निघाले होते, बुटाच्या नाड्या बांधत होते. खाली वाकूनच ते म्हणाले, "स्लॅगमंदी वाळूच रायते. दगडातली वाळू चुना घालूनच वर काढतो आमी." आणि डबा घेऊन गेले.

भाद्रपद संपता संपता आभाळ बसलं. पाऊस नाही, ऊनही नाही. सकाळी इतकं दव पडायचं की पहाटेच्या बसची काच पुसून पुसून ड्रायव्हर दमायचा. दिवस उबट आणि सकाळी अंगावर काटा. असा पंधरवडा गेला. एका सकाळी मायनं मला वरच्या बांधीत बोलावलं आणि एक पान वाकवून दाखवलं. पानावर डोळ्याच्या आकाराचे डाग होते, मधे राखी, कडेनं तांबडे. आमच्याकडं त्याला करपा म्हणतात.

चार दिवसांत तो सगळ्या शिवारात दिसू लागला. सुखरामच्या शेतात तर आग फिरल्यासारखा फिरला. काळंभोर हिरवं धान वरून तांबूस झालं. लोंब्या बाहेर पडत होत्या, तेव्हा रोग त्यांच्या मानेत उतरला. मान काळी पडायची आणि लोंबी वाकून लटकायची. आत हात लावून पाहिलं तर दाणाच नाही, नुसतं तूस. गावानं दवा आणली, फवारली, पण तोवर उशीर झाला होता. त्यातच एका दुपारी वारा सुटला आणि सुखरामचं अर्धं शेत आडवं झालं. तो दुसऱ्या दिवशी आडव्या धानाच्या मुठी बांधून उभ्या करत होता. बांधायचा, सोडायचा, मूठ पुन्हा पडायची. सोबत त्याची बायको होती. 

आमच्या वरच्या दोन बांध्या तशाच गेल्या. स्लॅग तिथं कधी पोहोचलाच नव्हता. माय त्यांच्यात उतरली नाही, धुऱ्यावरूनच पाहत राहिली. खालच्या बांध्यांत पानांवर डाग आले, मोहरीएवढे, आणि तेवढेच राहिले. मी वहीत दर आठवड्याला मोजून लिहीत होते. धान उभं होतं. पानं ताठ, आभाळाकडे टोकं केलेली. वारा सुटला की त्यातून खसखस असा कोरडा आवाज यायचा, तसा आवाज शिवारात दुसरीकडं कुठं येत नव्हता. लोंब्या पिवळ्या होत गेल्या. मला मनातून आनंद व्हायचा आणि लगेच लाज वाटायची, कारण पलीकडं ती दोघं मुठी बांधत असायची.

एका संध्याकाळी मी आणि माय परत निघालो तर सुखराम आमच्या धुऱ्यावर उभा. आम्हाला पाहून तो हलला नाही. त्यानं वाकून एक पान अंगठ्यावर घासलं, अंगठा तोंडात घातला आणि आपल्या शेतात उतरला. आम्ही बसच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून कुदळीचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाण्याची वाट मोकळी होती.

दिवाळीनंतर कापणी आली. गुडीवरचं बोलणं कोणी काढलं नाही. आमच्याकडं बाया येतील का, हा प्रश्न होता. पहिल्या दिवशी बिसाहीन आली, सोबत दोघी. आणि त्यांच्या मागून सुखराम आणि त्याची बायको. दोघांच्या हातात विळे. स्वतःची जमीन असलेला माणूस दुसऱ्याच्या धानात मजुरीला सहसा येत नाही. गावात सगळ्यांना हे कळतं. सुखरामनं आमच्यापैकी कोणाकडं पाहिलं नाही. टोकाची ओळ धरली आणि वाकला.

माय पाणी आणायला निघाली होती. तिनं घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि सुखरामच्या शेजारची ओळ धरली. ती मालकीण होती, तिनं धुऱ्यावर उभं राहायचं होतं. तीन दिवस ती त्याच्या बरोबरीनं कापत राहिली. तो थांबला की थांबायची, तो पुढं गेला की जायची.  दोघांच्या हातांवर सारख्याच रेघा उठल्या. दुपारी सुखराम आणि त्याची बायको दूर बाभळीखाली जाऊन जेवायची. मायनं पहिल्या दिवशी बोलावलं, तर त्यानं भूक नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं बोलावलंच नाही, पानावर भाजी घेऊन गेली, त्याच्या बायकोपाशी ठेवली आणि परत आली.

तिसऱ्या दिवशी बाबांना सुटी होती. ते भारे बांधायला आले. सुखराम दिसताच त्यांचे हात क्षणभर थांबले. मग पेंढीला वळ देऊन गाठ मारली आणि दुसरी उचलली. सकाळ तशीच गेली. दुपारच्या जेवणाला सगळे एकाच झाडाखाली बसले. कोणी बोलावलं नाही, ऊनच तसं होतं आणि कापणी त्या बाजूला सरकली होती. बाबांनी बूट काढले. मोजेही काढले, आत कुसं गेली होती. त्यांना आठवण झाली तसे त्यांनी पाय झटकन मांडीखाली ओढले.

सुखरामनं ते पाहिलं. बराच वेळ तो भाताचे घास करत राहिला. मग पायांकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, हे तिथलंच का. बाबा हो म्हणाले.  धुऱ्यावरच्या कोपऱ्यात तो ढीग पडला होता, पावसानं दबून बसलेला. सुखरामनं तिकडं मान केली.

"ए स्लॅग बनथे कइसे, भइया?"

मला वाटलं बाबा दोन शब्दांत सांगतील आणि उठतील. घरी आम्ही कधी विचारलं तर ते एवढंच म्हणायचे, गरम रायते तिथं. अठरा वर्षं ते भट्टीवर जात होते आणि तिथं नेमकं काय करतात ते मला माहीत नव्हतं. मायलाही नसावं. शेजारीपाजारी किंवा नातेवाइकांत कोणी कधी विचारलंच नव्हतं. सगळे पाळी कोणती एवढंच विचारायचे.

बाबांनी हात धुतले. मांडीखालून पाय काढून समोर सोडले, एक काडी घेतली आणि मातीत भट्टी काढली. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, मधे एखादा छत्तीसगढी शब्द. वरून दगड, कोळसा, चुना कसा टाकतात ते सांगितलं. खालून गरम वारा सोडला की आत काय होतं ते सांगितलं. लोखंड जड, ते खाली बसतं. मळ हलका, तो वर तरंगतो. एका हाताचा तळवा खाली धरला आणि दुसरा त्यावर, आणि वरचा हात हलके हलके हलवून दाखवला, मळ कसा तरंगतो तो. लोखंड पांढरं दिसतं आणि मळ जरा लाल, उजेडावरूनच कळतं, ते म्हणाले. काळा चष्मा लावून पाहायचं. मळाची वाट वेगळी, लोखंडाची वेगळी. वाट चुकली तर माणूस राहत नाही. पाण्यात मळ पडतो तेव्हा होणारा आवाज त्यांनी तोंडानं काढून दाखवला, आणि बिसाहीन दचकून मागं सरकली तशी सगळ्या बाया हसल्या. बाबाही हसले.

सुखराम मधे मधे विचारत होता. वाळू कुठून येते. चुना किती. पाणी कुठलं. बाबा प्रत्येकाचं उत्तर नीट देत होते. काडी मोडली तर त्यांनी दुसरी घेतली.

जेवणाची वेळ केव्हाच उलटून गेली होती. अर्धी बांधी कापायची राहिली होती, आणि संध्याकाळच्या बसच्या आत भारे खळ्यावर पोहोचायला हवे होते. बिसाहीन विळा घेऊन उठू लागली. मायनं तिचा हात धरला आणि खाली बसवलं.

"बसा थोडं," ती हळूच म्हणाली. "त्यायले बोलू दे."